सुकाण्याच्या बाह्या

माझी मावशी लाँड्रीत डाग काढते. धुणं नाही, इस्त्री नाही, फक्त डाग. कपडा हातात आला की ती आधी त्याचा वास घेते, मग तो उजेडात धरते आणि मग गिऱ्हाइकाकडे असं बघते की त्याला आपणच गुन्हा केल्यासारखं वाटावं. "ही शाई नाही, खोकल्याचं औषध आहे," ती सांगते. "आणि घरी कोणीतरी लिंबू चोळून याची वाट लावली आहे." लोकांच्या घरगुती उपायांवर तिचा फार राग. डाग निघतो, उपाय निघत नाही, असं तिचं म्हणणं. सगळी गल्ली तिला डागवाल्या बाई म्हणते आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

वाईट वाटायचं ते हसण्याचं. मावशीला कोणी हसलं की संपलं. एका लग्नात कोणीतरी तिच्या अंबाड्याला हसलं, तेव्हापासून ती लग्नांना जात नाही. पोहण्याच्या वर्गात कोणी हसलं, पोहणं बंद. भाजीवाल्याच्या बायकोला तिच्या बोलण्यात काय गंमत वाटली देव जाणे, पण तेव्हापासून भाजी मी आणते. असं एकेक दार लावत लावत तिचं जग घर, लाँड्री आणि मधला रस्ता एवढंच उरलं होतं. मी कॉलेजासाठी तिच्याकडे राहायला आले तेव्हा हे सगळं बघून माझं डोकं फिरायचं. पण तिला सांगायची सोय नव्हती. "माझं काय अडलंय?" एवढं म्हणून ती पुस्तकात डोकं घालायची.

पुस्तकं म्हणजे एकाच जातीची. 'दूरची फेरी' नावाची एक मालिका पूर्वी टीव्हीवर लागायची. एक मालवाहू अंतराळनौका ग्रहाग्रहांवर सामान पोचवत फिरते, आणि प्रत्येक ग्रहावर कोणीतरी तिच्या मुळावर उठतं. मालिका बंद पडली, पण तिच्यावरच्या कादंबऱ्या काही थांबल्या नाहीत. वेगवेगळे लेखक त्या लिहीत आणि मुखपृष्ठावर कायम तोच कप्तान कमरेवर हात ठेवून उभा असे. मालिका लागायची तेव्हा मावशीची लाँड्रीत संध्याकाळची पाळी असायची. त्यामुळे तिने मालिका कधी पाहिली नाही, एक भागसुद्धा नाही. तिला ही फेरी सापडली ती एका ओव्हरकोटाच्या खिशात. कोट न्यायला कोणी आलं नाही. खिशातल्या कादंबरीचं नाव होतं 'काळ्या वळणावर'. मावशीने ती दुपारच्या सुट्टीत उघडली आणि मग रद्दीवाल्याकडून बाकीच्या एकेक करून मिळवल्या.

त्यात तिला आवडला सुकाण्या. कप्तान तिला मुळीच आवडायचा नाही. "नुसता ओरडतो. ओरडून नौका चालते का?" नौकेवरच्या डॉक्टरीणबाई बऱ्या, पण जरा शिष्ट. सुकाण्या मात्र नौका चालवायचा, कमी बोलायचा, कधी चिडायचा नाही आणि सगळे झोपले तरी जागा असायचा. पुढे मावशीला जी तीन स्थळं आली त्यांतलं एक फार बोलायचं, एक झोपाळू होतं आणि एक आईला विचारून सांगतो म्हणालं होतं. सुकाण्यात यातलं काहीच नव्हतं. मुखपृष्ठावर त्याचं चित्र कधीच नसे, याचं तिला मनापासून दुःख होई. "पडद्यामागे राबणाऱ्या माणसांचं असंच होतं," ती म्हणायची आणि मला वाटायचं, ही आता स्वतःबद्दल बोलते आहे.

तर एकदा रद्दीवाल्याच्या दुकानात एक चिठ्ठी लावलेली दिसली. 'दूरची फेरी' या मालिकेवरील कादंबऱ्यांवर दर रविवारी दुपारी चर्चा. मतभेद घेऊन यावे. मावशी त्या चिठ्ठीसमोर बराच वेळ उभी राहिली. मग मला म्हणाली, "तुला जायचं असेल तर मी येईन सोबत." मला अजिबात जायचं नव्हतं. मी लगेच हो म्हणाले.

चर्चा भरायची लिफ्टवाल्यांच्या कारखान्यात. हे गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करायचे. बुटके, गोल आणि अखंड बोलणारे. खोलीत तारांची भेंडोळी, वजनं, बटणांच्या पाट्या, आणि भिंतीला टेकवलेलं एक सबंध लिफ्टचं दार. त्यामुळे कोणीतरी त्यातून बाहेर येईल असं सारखं वाटायचं. खुर्च्या एकमेकींशी फटकून असलेल्या. नेमाने येणारे म्हणजे दातांच्या डॉक्टर, ज्यांना कादंबऱ्यांतल्या चुका पकडायचा नाद होता, आणि ड्रायव्हिंग स्कूलचे सर, ज्यांना नौका मागे कशी घेतात एवढ्याच प्रश्नात रस होता. बाकी तीन-चार माणसं हात वर करायला यायची.

हात वर करायचे कारण त्यांच्याकडे एक पद्धत होती. प्रत्येक कादंबरीवर भांडायचं आणि शेवटी मत घ्यायचं: धरायची की सोडायची. धरली तर तिच्यात जे घडलं ते खरोखर घडलं. सोडली तर त्यातलं काही घडलंच नाही, आणि पुन्हा त्याचा उल्लेखही करायचा नाही. एका कादंबरीत कप्तानाचं लग्न होतं. ती सोडली, त्यामुळे कप्तान अजून बिनलग्नाचा. दुसरीत डॉक्टरीणबाईंचा डावा हात मोडतो आणि दोन प्रकरणांनी प्लास्टर उजव्या हाताला असतं. दातांच्या डॉक्टरांनी हे असं सांगितलं जसं काही ती पेशंट त्यांच्याकडेच आली होती. ती सोडली. मारामाऱ्या उत्तम असलेली एक कादंबरी ड्रायव्हिंगच्या सरांनी एकट्याने हाणून पाडली, कारण तिच्यात नौका आरसा न बघता मागे जाते. आणि लिफ्टवाल्यांचं एक पालुपद होतं. कोणी काहीही म्हणालं की ते म्हणायचे, "पडद्यावर असं नाही." त्यांच्या दृष्टीने मालिका हे मूळ, आणि कादंबऱ्या म्हणजे मुळाला फुटलेल्या नसत्या फांद्या.

पहिल्या दिवशी त्यांनी मावशीला शिष्टाचार म्हणून विचारलं, "तुमची आवडती कोणती?"

"काळ्या वळणावर," मावशी म्हणाली.

खोलीत एकदम खसखस पिकली. मावशी आक्रसली ते मला शेजारी बसून जाणवलं. दातांच्या डॉक्टर म्हणाल्या, "अहो, ती तर आम्ही कधीच सोडली. त्या लेखकाने मालिका बघितलीच नव्हती. काय लिहिलंय त्याने? सुकाण्याने बाह्या दुमडल्या. सुकाण्याने. बाह्या."

आणि तेव्हा मला आठवलं. लहानपणी शेजारच्यांकडे मी त्या मालिकेचे दोनेक भाग पाहिले होते. सुकाण्या म्हणजे नौकेच्या भिंतीवरचा एक हिरवा दिवा होता. बोलताना उघडझाप करायचा. यंत्र होतं ते. आणि हे सगळ्यांना माहीत आहे असं धरून चाललेल्या लेखकांनी एवढ्या कादंबऱ्यांत ते एकदाही लिहायची तसदी घेतली नव्हती. जो एकच लेखक गाफील होता त्याने बाह्या दुमडल्या, आणि नेमकी तीच कादंबरी मावशीला कोटाच्या खिशात मिळाली होती.

मी मावशीचा हात धरायला गेले, पण उशीर झाला होता. मावशी चिडली होती. दुसऱ्या कोणासाठी चिडली की लोक आपल्याला हसले हे ती विसरते.

"का?" ती म्हणाली. "कामाला लागताना माणूस बाह्या दुमडणार नाही?"

हसणं थांबलं. "माणूस म्हणालात तुम्ही," लिफ्टवाले म्हणाले.

"मग काय म्हणू? सगळी नौका त्याच्या जिवावर चालते. आणि तुमच्या त्या कादंबऱ्यांत त्याला एकदा तरी कोणी विचारलं का, बाबा रे, दमलास का? सगळे ग्रहावर उतरतात, मजा करतात. तो मागे थांबतो. का, तर कोणीतरी थांबायला हवं. त्या एका लेखकाला निदान दिसलं तरी की त्याला हात आहेत."

दातांच्या डॉक्टरांनी चष्मा काढला. ड्रायव्हिंगचे सर जमिनीकडे बघत म्हणाले, "या बाजूने कधी विचारच केला नव्हता." आणि लिफ्टवाले, ज्यांचं तोंड बंद झालेलं त्यांच्या आईनेही पाहिलं नसेल, ते मावशीकडे टक लावून बघत राहिले. त्यांना वाटलं होतं, ही बाई फार खोल बोलते आहे. यंत्रालाही माणूस म्हणा, असं म्हणते आहे. ते स्वतः दिवसभर लिफ्टशी बोलत आणि कोणाला सांगायला लाजत. त्या दिवशी मत पुन्हा घेतलं गेलं आणि 'काळ्या वळणावर' धरली गेली. असं यापूर्वी कधी झालं नव्हतं.

मावशी घरी आली ती तरंगतच. तिने स्वतःहून भाजी आणली.

मग दर रविवार म्हणजे मावशीचा. तिच्या मताला वजन आलं. एका कादंबरीत डॉक्टरीणबाई सुकाण्याची पाठ उघडून तिच्यावर गरम हवा सोडतात. मावशीने ते पाठीचं जुनं दुखणं आणि शेक असं समजून घेतलं होतं आणि त्यावर ती इतकं सुंदर बोलली की एका सभासदाने नाक शिंकरलं. "पाठ दाखवणं म्हणजे विश्वास," ती म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी घामाघूम. ती माणसाविषयी बोलत होती आणि ते यंत्राविषयी, आणि दोघांचं इतकं जमत होतं की मध्ये पडायला जागाच नव्हती. लिफ्टवाले आता तिच्यासाठी बरी खुर्ची पुसून ठेवायचे. "पडद्यावर असं नाही" हे वाक्य तिच्यासमोर त्यांच्या तोंडून येईनासं झालं.

मी तिला सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा जेवताना म्हटलं, "मावशी, सुकाण्याला कधी जेवताना दाखवत नाहीत, तुला विचित्र नाही वाटत?"

"चारचौघांत जेवायला लाजतात काही माणसं," ती म्हणाली. "मीही नाही का लाजत? घे, अजून वाढू?"

"आणि त्याचं घर, आईवडील, काहीच कसं नाही?"

तिने पानात बघत सांगितलं, "असेल काहीतरी घडलेलं. सगळंच विचारायचं नसतं." मी वाढलेलं मुकाट्याने संपवलं.

आणि मग लिफ्टवाल्यांनी मोठं काम केलं. ज्या इमारतीची लिफ्ट ते सांभाळायचे तिथे टीव्ही केंद्रातले एक निवृत्त गृहस्थ राहत. त्यांच्या माळ्यावर 'दूरची फेरी'च्या कॅसेटी होत्या. त्या गृहस्थांना चौथ्या मजल्यावर आजन्म विनाविलंब पोचवण्याचं वचन देऊन लिफ्टवाल्यांनी त्या मिळवल्या आणि जाहीर केलं, येत्या रविवारी सगळ्यांनी मिळून बघायच्या. "आणि नंतर सुकाण्यावर बोलतील," ते मावशीकडे हात करून म्हणाले, "बाई."

मावशी लाजली, लाल झाली आणि हो म्हणाली. मला ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाली, "शेवटी दिसणार म्हणजे तो."

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. एवढ्या लोकांसमोर तो हिरवा दिवा उघडझाप करणार आणि माझ्या मावशीचं तोंड सगळ्यांना दिसणार. कोणी फिस्सकन हसलं, नुसतं एक जण, तरी रविवार संपला. तिला मिळालेली ही एवढीशी खोली, मोडक्या खुर्च्या, तिचं ऐकणारी माणसं, सगळ्याला कुलूप. शनिवारी तिने दुसऱ्या दिवशीचे कपडे कपाटातून काढले, इस्त्री केली, नापसंत करून पुन्हा केली. मी दारात उभी राहून म्हटलं, "मावशी, तो सुकाण्या ना, माणूस नाहीये."

"हो तर," ती इस्त्रीवरची नजर न काढता म्हणाली, "देवमाणूस आहे."

मी हात टेकले.

रविवारी दुपारी पडदे ओढून कॅसेट लावली. टीव्हीवर आधी मुंग्या, मग गाणं, मग कप्तान, कमरेवर हात ठेवून. मावशीने पाठ ताठ केली. कप्तान ओरडला, "सुकाण्या, वळव." आणि भिंतीवरचा हिरवा दिवा लागला, विझला, लागला, आणि एक मऊ आवाज म्हणाला, "वळवतो."

मावशी त्या दिव्याच्या मागे बघत होती. आता दार उघडेल, आता कोणीतरी आत येईल. दुसऱ्यांदा कप्तान ओरडला, दिवा पुन्हा बोलला. तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे वळून पाहिलं. माझं तोंड वाचायला तिला वास घ्यायची किंवा उजेडात धरायची गरज नव्हती. तिने हात मांडीवर ठेवले आणि भाग संपेपर्यंत ती हलली नाही.

पडदे उघडले. लिफ्टवाले उत्साहाने उभे राहिले. "आता बाई बोलतील."

मला वाटलं आता ती उठेल आणि सरळ दाराबाहेर जाईल. मी पिशवीसुद्धा उचलली. ती उठली खरी, पण उभी राहिली आणि म्हणाली, "मी ही मालिका कधी पाहिली नव्हती. सुकाण्या दिवा आहे हे मला माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं त्याला माणूस समजत होते. मी जे जे बोलले ते सगळं माणसाबद्दल बोलले."

ड्रायव्हिंगच्या सरांच्या तोंडून हसू निसटलं. अगदी बारीक, पण निसटलं. दातांच्या डॉक्टरांनी त्यांना कोपर मारलं. मावशीने ते ऐकलं. तिची मान लाल झाली. मी ओळखलं, आता गेलं.

"हसा," मावशी म्हणाली. "हसण्यासारखंच आहे. पण मला मत मांडायचंय. आपली पद्धत आहे ना? ही मालिका सोडायची."

"मालिका?" दातांच्या डॉक्टर म्हणाल्या. "अहो, कादंबऱ्या मालिकेवरून निघाल्या. मालिकाच सोडली तर राहिलं काय?"

"कादंबऱ्या," मावशी म्हणाली. "त्या लिहिणाऱ्यांपैकी एकाने तरी त्याला हात दिले. इथे त्याला काय दिलं, तर दिवा. लागतो नि विझतो. हे घडलंच नाही असं धरायचं. ज्यांना पटतं त्यांनी हात वर करा."

कोणाचाच हात हलला नाही. सगळे लिफ्टवाल्यांकडे बघत होते, कारण ही मालिका म्हणजे त्यांचं दैवत. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, कॅसेटींच्या खोक्याकडे पाहिलं. बिचाऱ्यांच्या चेहऱ्यावर अशी कळा आली की दाढ काढताना सुद्धा एवढी येत नसेल. मग त्यांनी हात वर केला.

"दया म्हणून नको," मावशी ताडकन म्हणाली. "मी काही लिफ्टमध्ये अडकलेली नाही."

"दया नाही," ते म्हणाले. "मी प्रत्येक भाग पाहिलाय. कितीदा पाहिलाय ते विचारू नका. आणि एवढ्या वेळात तो एकटा असेल असं मला एकदाही वाटलं नाही. तुम्ही आलात, बोललात, तेव्हा वाटलं. म्हणजे मी नुसता बघत होतो, आणि तुम्ही न बघता…" पुढचं त्यांना सापडेना. एवढ्या बोलघेवड्या माणसाला वाक्य सापडत नाही हे बघून मलाच गलबलून आलं. "सोडायची," ते म्हणाले.

मग दातांच्या डॉक्टरांचा हात वर गेला. मग हात वर करायला येणाऱ्यांचे. ड्रायव्हिंगचे सर म्हणाले, पहिल्याच भागात नौका इशारा न देता वळते, तेव्हा त्यांचीही हरकत नाही. अशा रीतीने त्या खोलीत, बहुमताने, 'दूरची फेरी' ही मालिका कधी झालीच नाही असं ठरलं, आणि जी झालीच नाही तिच्या कॅसेटी लिफ्टवाल्यांनी जपून खोक्यात भरल्या.

आम्ही निघालो तर ते रस्त्याच्या टोकापर्यंत येतो म्हणाले. ऊन उतरलं होतं. मावशी मध्ये, मी एका बाजूला, ते दुसऱ्या. मग मावशी स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाली, "एका दिव्यापायी मी तीन माणसांना नाही म्हटलं."

मला रडूच आलं असतं. मी तिच्याकडे बघितलं तर ती हसत होती. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलायला लागले, मग भर रस्त्यात थांबून, पोट धरून. येणारे-जाणारे बघत होते आणि तिला त्यांची पर्वा नव्हती. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "पण तिघांपेक्षा दिवा बरा होता हो."

यावर लिफ्टवाल्यांना बोलण्यासारखं पुष्कळ असणार. मी वाटच बघत होते, आता ते मालिकेतला दाखला देतील, लिफ्टमधला देतील, काहीतरी समजावून सांगतील. ते काहीच बोलले नाहीत. हात मागे बांधून शेजारून चालत राहिले. चौक आला, त्यांचं वळण गेलं, तरी बोलले नाहीत नि वळलेही नाहीत. मावशीने तेवढ्यात दोनदा त्यांच्याकडे पाहिलं. दुसऱ्यांदा जरा जास्त वेळ.

मी म्हटलं, माझ्या चपलेचा अंगठा तुटलाय, तुम्ही व्हा पुढे. आणि धडधाकट चप्पल हातात घेऊन फुटपाथवर बसून राहिले.